विलासचं क्रिएटिनिन

३ नोव्हें. ९७, डोंबिवली
लॅबमध्ये विलासचं रक्त मीच काढलं. क्रिएटिनिन १.६, हवं १.२च्या आत. माझी चूक असेल म्हणून परत लावलं. १.६च. ह्यांना किडनी द्यायला माझा ग्रुप जुळत नाही, ह्यांच्या सख्ख्या भावाचा, विलासचा, जुळला. आणि आता हे.

४ नोव्हें.
ह्यांचं डायलिसिस. ठाण्याला जाऊन येण्यात दिवस गेला. घरी आल्यावर उलटी. विलासच्या रिपोर्टचं त्यांनी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

६ नोव्हें.
लॅबच्या डॉक्टर मॅडमना रिपोर्ट दाखवला. त्यांनी आधी विचारलं, दीर व्यायाम करतो का, काही पावडर घेतो का.
संध्याकाळी आंबिवलीला गेले. विलास तिथल्या व्यायामशाळेत शिकवतो. हो म्हणाला. क्रिएटिन. मित्र दुबईहून आणतो, दोन महिने रोज दुधातून चालू आहे. "वहिनी, ताकदीची पावडर आहे ती, औषध नाही."

७ नोव्हें.
मॅडम म्हणाल्या, त्या पावडरीचंच शरीरात क्रिएटिनिन होतं. किडनी ठणठणीत असली तरी आकडा चढतो. आणि खरंच दोष असला तर तोही पावडरीच्या नावावर खपतो. महिनाभर बंद. टेस्टआधी दोन दिवस मटण नाही, व्यायाम नाही. मग परत रक्त.
अठरा वर्षं हे आकडे लिहितेय. क्रिएटिनिन वाढलं म्हणजे किडनी गेली, इतकंच डोक्यात.

१९ नोव्हें.
ह्यांच्या पायांना सूज. पाणी मोजून द्यायचं, त्यावरून चिडले. मग स्वतःच सॉरी म्हणाले. ते जास्त लागलं.

३० नोव्हें.
विलास येऊन गेला. पावडर बंद केली म्हणाला. ह्यांनी त्याचा दंड चाचपला, "उतरलास रे." दोघं हसले. मला तरी दंड होता तसाच दिसला.

८ डिसें.
१.६. जरासुद्धा फरक नाही.
मॅडम म्हणाल्या, एकतर किडनीत दोष आहे, नाहीतर त्यानं पावडर सोडली नाही. विलास बाहेर बाकावर बसलेला. शेजारी जाऊन बसले. सोडलीस ना, विचारलं. मान हलवली, नाही.
"आकडा खाली आला की ऑपरेशनची तारीख येणार, वहिनी."
एवढंच बोलला. एकतीस वर्षांचा, दाराएवढा रुंद माणूस. मला राग यायला हवा होता. त्याला पाणी आणून दिलं आणि आत जाऊन उरलेली सॅम्पलं लावली.

९ डिसें.
डायलिसिसला सुई लावताना ह्यांनी विचारलं, विलासचं काय झालं? म्हटलं, पावडरीमुळे खरा आकडा अजून कळत नाही. खोटं नाही बोलले.

११ डिसें.
विलासचा लॅबवर फोन. उद्या येऊन परत रक्त देतो म्हणाला. म्हटलं, इतक्यात उपयोग नाही, अंगातलं उतरायला महिना तरी जाऊ दे. बरं म्हणाला. पावडरीचं मी विचारलं नाही, त्यानं सांगितलं नाही. फोन ठेवून रजिस्टरात १२ जानेवारीला विलासचं नाव लिहिलं.