पत्र्याखालचा पंखा

लातूर, १२ एप्रिल २०११

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

फोन केला असता, पण आपल्या एका खोलीत बोललेलं सगळं अण्णांच्या कानावर जातं, म्हणून पत्र. दहावीच्या वेळी तू घेऊन दिलेला कम्प्युटर रुसलाय. गाड्यांच्या शर्यतीचा गेम सुरू केला की थोड्या वेळात कॅबिनेट तव्यासारखं तापतं आणि सगळं आपोआप बंद. मेडिकलच्या रिपीटर बॅचमध्ये दिवसभर तेच ते गिरवून आलो की तेवढाच विसावा होता. अण्णा स्लॅबखाली राहायला तयार नाहीत. वर पत्रा, आणि लातूरचं ऊन तुला माहीत आहे.

कम्प्युटरच्या दुकानातल्या विरूपाक्षने दोन जादा पंखे बसवून दिले. आता बंद पडत नाही, पण घरघर इतकी की लोखंडी टेबल थरथरतं. आणि अण्णा आडतीवरून आले की आत टेकतच नाहीत. लिंबाखाली बाज टाकून बसतात. विचारलं तर म्हणतात, आत लई उकडतंय. अगं, बाहेर तर झळा लागतात! मला काही कळेनासं झालंय.

भाऊजींना नमस्कार. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
सत्यम

नांदेड, १७ एप्रिल २०११

चि. सत्यम यास अनेक आशीर्वाद.

डॉक्टर व्हायच्या आधीच तुझं अक्षर डॉक्टरांचं झालंय; तुझ्या भाऊजींनी चष्मा लावून वाचून दाखवलं. पण पुढचं ऐकून हसू गेलं. अण्णांना उकडत नाही रे. त्यांना तो आवाज सोसत नाही. भूकंप झाला तेव्हा तू तान्हा होतास. मी अंगणात अण्णांजवळ निजले होते. भिंत पडायच्या आधी आवाज आला, जमिनीच्या पोटातून जड गाडी जावी तसा. मग घर बसलं, आई आतच राहिली. अण्णा त्यावर बोलत नाहीत आणि मी कधी विचारलं नाही.

आमच्या रेल्वे ऑफिसात कम्प्युटर सांभाळणारे मारोती आहेत, त्यांना विचारलं. ते म्हणाले, आतली धूळ ब्रशने काढ, प्रोसेसरवरची वाळलेली पेस्ट नवी लाव, आणि छोट्या पंख्यांऐवजी मोठा, सावकाश फिरणारा एकच बसव. कॅबिनेटच्या पायांखाली रबर दे. एवढं करून बघ. आणि उन्हात टोपी घालून जात जा.

तुझी,
ताई

लातूर, २६ एप्रिल २०११

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

सगळं केलं. मूठभर धूळ निघाली. सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे पायांखाली दिले. आता आवाज माशी गुणगुणल्याएवढा. मोठ्या हौसेनं अण्णांना आत बोलावलं. ते आले, बसले, कॅबिनेटवर हात ठेवला, म्हणाले, झाक झालं की. आणि चहा संपायच्या आत पुन्हा बाहेर.

मी पंखाच काढला, तर कम्प्युटर बंद पडतो. विकून टाकतो म्हटलं, तर माझ्यावर भडकले. पोरगं घडीभर खेळतंय तर खेळू दे, विकायचं न्हाई, म्हणाले. काल त्यांना ऊन लागून ताप होता, तरी बाज आत घेऊ दिली नाही. ताई, मारोतींना पुन्हा विचार ना. अजून काहीतरी बसवता येत असेल.

पत्राची वाट बघतोय.

तुझा,
सत्यम

लातूर, २९ एप्रिल २०११

चि. सौ. वर्षाराणीस अण्णारावचा आशीर्वाद.

इकडं समदं ठीक हाय. ताप उतरला. पोरगं अभ्यास सोडून त्या डब्याला उघडून बसायलंय. माझ्यापायी करतंय, ते कळतंय मला. पण बाई, ते यंत्र बंद असलं तरी मला ऐकू येतंय. डबा घरात न्हवता तवाबी यायचं. तवा पत्र्याखाली कसंबसं निभावून नेत होतो, आता वय झालं, जमंना.

त्याला यातलं कळवू नकोस. आवाज कमी केला की बाप आत येईल, असं वाटतंय त्याला. वाटू दे. परीक्षा तोंडावर हाय. जावईबापूंना रामराम.

तुझे अण्णा

लातूर, ६ मे २०११

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं उत्तर आलं नाही, तरी लिहितोय. काल दुपारी लोडशेडिंग होतं. कम्प्युटर बंद, वरचा पंखा बंद, सगळं चिडीचूप. अण्णा जेवत होते. मधेच हातातला घास तसाच राहिला. मला विचारलं, काय वाजतंय रे? काहीच वाजत नव्हतं ताई. ते ताट सोडून बाहेर गेले.

मी कितीतरी वेळ त्या उघड्या कॅबिनेटकडे बघत बसलो. मग त्यांचं ताट बाहेर नेलं, माझंही तिथंच घेतलं. आणि काय झालं कोण जाणे, पहिल्यांदाच विचारलं, आई कशी होती. अण्णांनी सांगितलं, त्या रात्री मी तान्हा उकाड्यानं रडत होतो. आईनं मला उचलून अंगणात त्यांच्या कुशीत आणून दिलं, आणि दुपटं आणते म्हणून आत गेली.

एवढंच बोलले. पुढं जेवले नाहीत.

ताई, तू तर शेजारीच निजली होतीस. तुला हे माहीत होतं का? सांगवत नसेल तर नको सांगू. पण एकदा ये.

तुझा,
सत्यम