एकाच जागी बराबर उभे राहणारे टेबल

मी, पारुबाई भावसिंग आडे, वय एकाहत्तर, निवृत्त आरोग्य सेविका, मूळ गाव सेनगाव तालुक्यातला तांडा, हल्ली मुक्काम हिंगोली, आज हे मृत्युपत्र लिहून ठेवते. माझे डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. मी कोणाच्या दडपणाखाली नाही. दडपण आणणारा माझा मुलगाच आहे, आणि त्याचे ऐकायचे असते तर हा कागद लिहायची वेळच आली नसती.

यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. आताही केले नसते. पण या दिवाळीत मुलगा देविदास पुण्याहून आला आणि चहा पिता पिता म्हणाला, "आई, तुज्या माघारी हा फ्लॅट काढून टाकू. भिंतीवरचं ते फळकूट भंगारवाला नेईल." ज्याला तो फळकूट म्हणतो ते माझे कॅरमचे टेबल आहे. फ्लॅट गेला की टेबल गेले, आणि टेबल गेले की माझी मैत्रीण खतीजाबी हिचा उजवा हात गेला. म्हणून मी असताना हे लिहिते आहे.

कलम १. हिंगोलीतील तळमजल्यावरचा फ्लॅट, एक खोली, हॉल व स्वयंपाकघर, माझ्या निवृत्तीच्या पैशातून घेतलेला असून त्यात कोणाचा रुपया नाही. माझ्या पश्चात तो देविदास व मुलगी शिवकन्या (राहणार कळमनुरी) यांना निम्मा निम्मा मिळावा. मात्र खतीजाबी चाँद पाशा ह्या हयात आहेत आणि त्यांना खेळावेसे वाटते आहे, तोवर फ्लॅट विकू नये, भाड्याने देऊ नये, आणि हॉलमध्ये नवे काहीही आणून ठेवू नये. घराची एक किल्ली त्यांच्याकडे आहे, ती त्यांच्याकडेच राहील. "किल्ली परक्याकडे काहून?" असे विचारणाऱ्याने आधी सांगावे की मला डेंग्यू झाला तेव्हा दार उघडून पेज कोणी पाजली. तुम्ही दोघांनी फोन केला होता, ते माझ्या लक्षात आहे.

कलम २. टेबल कशासाठी, हे मी इथे लिहिते, कारण आजवर ते कोणी विचारलेच नाही. ज्याला त्याला एकच प्रश्न, "ठेवणार कुठं?"

खतीजाबीची माझी ओळख जवळा बाजारच्या माझ्या नोकरीपासूनची. तिची दोन्ही बाळंतपणे माझ्या हातची. पुढे दोघीही हिंगोलीला आलो, समोरासमोरच्या गल्लीत. मग तिला लकव्याचा झटका आला आणि उजवा हात लोंबकळला. दवाखान्यात तिला दाबायला रबरी चेंडू दिला होता, तो तिने नातवाला देऊन टाकला. मी नर्स होते. बोट हलायचे तर बोटाला काहीतरी हाव लागावी लागते, हे मला माहीत आहे. खतीजाबीची हाव म्हणजे कॅरम. पण आम्ही दोघीही गुडघ्यांनी गेलेल्या, जमिनीवर बसता येत नाही. दिवाणावर बोर्ड ठेवला तर गादीत बुडतो. म्हणजे खुर्चीवर बसून खेळता येईल असे टेबल हवे, आणि खेळ झाला की ते दिसेनासे व्हायला हवे, कारण हॉल केवढा, तर दोन पाहुणे आले की तिसऱ्याने उभे राहावे एवढा.

कलम ३. पहिले टेबल खतीजाबीचे मालक चाँद पाशा, सुतार, यांनी करून दिले. पाय दुमडायचे, वर बोर्ड बसायचा, आणि सगळे मिळून दिवाणाखाली सरकायचे. त्यासाठी दिवाणाच्या चारी पायांखाली विटा लावल्या. टेबल छान सरकत होते. पण मांडले की सोंगट्या आपोआप दाराकडे निघत. चाँद पाशांनी बाटली आडवी ठेवून पाहिली आणि कपाळाला हात लावला. "बाई, तुमच्या फरशीत चार गावचे चार उतार हायत. पाय कापू का फरशी खोदू?"

फरशीला उतार मीच मागितला होता, हे खरे. तांड्यावर आम्ही ओटा बादल्या ओतून धुवायचो. फ्लॅटचे काम चालू असताना मी मिस्त्रीच्या डोक्यावर उभी राहून सांगितले की पाणी दाराकडे निघाले पाहिजे. आजही माझे घर दोन बादल्यांत लख्ख होते. याला कोणी माझी चूक म्हणू नये.

चाँद पाशा पाय कापायला करवत घेऊन येणार, तेवढ्यात सूनबाई सुनिता सुट्टीत आल्या आणि "दिसायला कसंतरी दिसतं" म्हणून त्यांनी विटा काढून टाकल्या. मला विचारले नाही. दिवाण खाली बसला, टेबल बाहेर राहिले, आणि ते वाटेत येते म्हणून त्यांनीच ते गच्चीवर ठेवून दिले. पावसाने त्याचा पापड झाला. सूनबाई मनाने वाईट नाहीत. पण दुसऱ्याच्या घरातली वीट हलवण्याआधी ती का आहे, एवढे विचारावे.

कलम ४. दुसरे टेबल हेच, जे आज आहे. हे भिंतीला बिजागऱ्यांवर बसवले आहे. मिटले की कपाटाच्या झडपेसारखे दिसते, वर कॅलेंडर टांगते. उघडले की पुढचे दोन पाय खाली येतात. हे पाय सारखे नाहीत. चाँद पाशांनी फरशीच्या उतारावर ते इतके घासले की स्ट्रायकर ठेवला तर जागचा हलत नाही. हे टेबल जगात या एकाच जागी बराबर उभे राहते. दुसऱ्या घरी नेले तर ते लंगडेल. "तिच्या घरी नेऊन द्या की" असे देविदास म्हणतो, त्याला हे उत्तर आहे. खतीजाबीच्या घरी तर टेबलाला काय, तिच्या खुर्चीलाही जागा नाही.

आता मोकळी भिंत कोणती, तर दाराशेजारची. म्हणजे टेबल उघडले की दार उघडत नाही. आगीतून फुफाट्यात. चाँद पाशा म्हणाले, "आता दार दुसरीकडं करायचं म्हणू नका." मी म्हणाले नाही. मनात मात्र आले होते.

कलम ५. किरकोळ व्यवस्था. बँकेतली शिल्लक दोन्ही मुलांना सारखी. माझ्या आईचे चांदीचे दागिने व आरशांची कांचळी, म्हणजे तांड्यावरची चोळी, शिवकन्येला. तिने ती घालावी, काचेच्या कपाटात टांगू नये. बीपीचे मशीन जिन्यावरच्या शेजाऱ्यांसाठी दाराशी ठेवावे. देविदासने न विचारता पाठवलेला आणि त्यामुळे माझी खुर्ची वर्षभर बाल्कनीत उभी करणारा सोफा-कम-बेड देविदासने परत न्यावा. पेचकस, बिजागरीचे तेल, बोरिक पावडरचे डबे टेबलासोबतच राहतील.

कलम ६. खतीजाबीसमोर कोणी बसायचे. हे कलम मी तीनदा फाडून लिहिले. टेबल राखता येते, खेळगडी मृत्युपत्रात लिहून देता येत नाही, असे वकीलसाहेब म्हणाले. तरी लिहिते. शिवकन्येने रविवारी कळमनुरीहून यावे. एसटी आहे, तासाभराची वाट आहे, तिचे दुकान तेवढा वेळ जावई बघतील. आणि जो कोणी बसेल त्याने मुद्दाम हरू नये. एकदा मी हरून पाहिले. खतीजाबीने स्ट्रायकर खाली ठेवला. "पारू, मेरे हाथ कू लकवा हुआ है, आँखाँ कू नै," म्हणाली आणि घरी गेली. परत आणायला मला आठवडा लागला.

कलम ७. हे देविदाससाठी. बाळा, तू सगळ्यांना सांगत फिरतोस, "आईनं मला सामानासकट दाराबाहेर हुबं केलं." बराबर आहे, केले. का केले हे तू विचारले नाहीस. तू तोंड फुगवून बसलास म्हणून रागाने मीही सांगितले नाही.

त्या दुपारपर्यंत खतीजाबी डाव्या हाताने खेळत होती. त्या दिवशी तिने डावा हात मांडीखाली दाबला आणि उजव्या हाताने स्ट्रायकर लावला. राणी कोपऱ्यात होती. बोट वळत नव्हते. ती त्याच्याकडे बघत बसली होती, मीही, आणि तू बेल वाजवलीस. तू आहेस हे मला बेलवरूनच कळले. तुझ्यासारखी घाईने दुसरे कोणी वाजवत नाही. दार उघडायचे तर टेबल मिटावे लागते आणि सगळा डाव सांडतो. मी ओरडले, "थांब!" तू पुन्हा वाजवलीस. मग बोट सुटले. राणी गेली नाही, काठाला लागून परत आली. पण बोट सुटले होते रे. आम्ही दोघी रडत होतो, म्हणून दार उघडायला आणखी उशीर झाला.

माझे दिवस-कार्य झाले की पहिल्या रविवारी माझ्या खुर्चीवर तू बसायचे. शिवकन्या नाही, तू. खतीजाबीला वेळ लागेल. तू मोबाईल बघू नकोस, तिच्या बोटाकडे बघ. आणि तेवढ्यात दार वाजले तर बाहेर कोणी का असेना, टेबल मिटू नकोस. नुसते म्हण, "थांब."

वरील सर्व मी स्वतः लिहिले, वाचले व मला मान्य आहे. चाँद पाशांना साक्षीदार करायचे माझ्या मनात होते; किल्लीचा लाभ त्यांच्याच घरात जातो म्हणून वकीलसाहेब नको म्हणाले. सही सदर टेबलावर केली.

ठिकाण: हिंगोली
दिनांक: ९ नोव्हेंबर २०२५, रविवार

(सही) पारुबाई भावसिंग आडे

साक्षीदार:
१. (सही) रुख्मिणीबाई नामदेव गिराम, शेजारी
२. (सही) सेवा थावरू पवार, निवृत्त शिक्षक

साक्षीदार क्रमांक २ यांना डाव चालू असल्यामुळे दाराबाहेर थांबावे लागले. त्याबद्दल त्यांची तक्रार नाही.