नावाडीण आता एकालाच आणते

ता. ९ मार्च, रविवार दुपार

प्रिय खारूताई,

अनेक आशीर्वाद. (धाकट्या बहिणीला ताई म्हणणारी जगात मी एकटीच असेन. पण लहानपणी खिसे भरभरून वस्तू जमवायचीस, त्याला काय करणार?)

आईचा गुडघा बरा आहे. जिना उतरताना कठडा धरत नाही आणि चढताना धरते. डॉक्टरांनी सांगितलं त्याच्या बरोबर उलट, म्हणजे तब्येत मूळपदावर आली असं समजायचं. स्वयंपाकघरातला नळ एकदाचा दुरुस्त झाला. तू राहून गेलीस त्या खोलीत मी पुन्हा इस्त्रीचं टेबल लावलंय.

आईला तू फोनवर म्हणालीस म्हणे, की खेळ सोडणार, खातं बंद करणार, चाळिशी जवळ आली, डोकं चालत नाही. आईने मला विचारलं, पत्त्यांच्या खेळात एवढं काय रडायचं? मी भाजी निवडत होते, निवडतच राहिले. उत्तर माझ्याकडे होतं. ते तुला लिहिते आहे.

स्पर्धेच्या निवड फेरीत तू हरलीस तो डाव मी दोनदा पाहिला. डोकं नीट चालत होतं. तू नेहमीसारखी लहान पात्रं, मेंढपाळ, वाटाड्या, मशालवाली, मुद्दाम पुढे करून मरू दिलीस. समोरच्याला वाटू दिलंस की तोच जिंकतोय. मग सहाव्या खेळीला नावाडीण उतरवलीस. पूर्वी ती मेलेल्यांतले तिघे परत आणायची. महिन्यापूर्वीच्या बदलानंतर एकालाच आणते. हे तुला माहीत होतं, पण हात जुन्या सवयीने चालले. तिघे परत येणार असतील तर माणसं गमावणं ही चाल असते. एकच येणार असेल तर ते नुसतं गमावणं. आता नावाडीण घ्यायची तर बाकीची पात्रं पहिल्यापासून जपावी लागतात, भिंतीआड ठेवावी लागतात, आणि तिला कुणातरी एकासाठी शेवटपर्यंत राखावं लागतं. तो खेळच वेगळा. सहा वर्षं एका पद्धतीने खेळलेल्या कुणालाही तो चार आठवड्यांत जमला नसता.

आता पुढचं.

ऑफिसात माझं काम तुला ठाऊक आहे. आमच्या या खेळात कुठलं पात्र फार जिंकतं, कुठलं कुणी हातात घेत नाही ते बघायचं आणि ताकद कमी-जास्त करायला सुचवायचं. सुचवताना खेळलेला एक डाव पुरावा म्हणून जोडावा लागतो. नावाडिणीची ताकद कमी करायला मीच सुचवलं, आणि त्यासाठी जोडलेला डाव आपल्या जेवणाच्या टेबलावरचा होता. आईच्या ऑपरेशननंतर तू तीन आठवडे राहिलीस, दुपारी ती झोपली की आपण समोरासमोर लॅपटॉप उघडून बसायचो, त्यातला. प्रत्येक चाल तू मला हौसेने समजावलीस आणि म्हणालीस, "ताई, बाहेर कुणाला सांगू नकोस हं. एवढं एकच माझं आहे."

बैठकीत आमच्या प्रमुखांनी विचारलं, असं खेळणारे किती आहेत?

मी म्हटलं, "वाढताहेत."

वाढत नव्हते. आकडे माझ्यासमोर होते. नावाडीण घेणारे निम्म्याहून जास्त डाव हरत होते. तिला घेऊन असं खेळणारी मला एकच माहीत होती.

बरेच दिवस मी स्वतःला सांगितलं की हे कामाचा भाग होतं, आज ना उद्या कुणीतरी बघून शिकलंच असतं. तसं झालंही असतं कदाचित. पण नावाडीण माझी आहे, खारूताई. तिच्या पत्त्यावरचे शब्द मी लिहिले, तिची ताकद मी ठरवली, आणि सहा वर्षांत ती काय करू शकते हे मला दिसलं नाही. ते तुला दिसलं, दिवसभर चष्म्याच्या दुकानात लोकांचे नंबर तपासून दमून घरी येणाऱ्या तुला. मी एकामागून एक डाव हरत होते आणि तू हसत हसत समजावत होतीस, मी तुला गणितं समजावायचे तशी. ते मला सोसलं नाही. दुसरं काही कारण नाही.

मंगळवारी प्रमुखांना खरं ते सांगितलं. ते चिडले नाहीत, त्याचंच जास्त वाईट वाटलं. त्या बदलावर बेतलेली दोन नवी पात्रं खेळात आलीसुद्धा, त्यामुळे तो मागे घेता येत नाही म्हणाले. वर्षभर मी त्या बैठकीत बसायचं नाही, असं ठरलंय. ते योग्यच आहे. निवड फेरी पुन्हा घेता येईल का, तेही विचारलं. नाही. तुझी जागा दुसऱ्या कुणाला दिली गेली आहे.

नावाडिणीबद्दल वर लिहिलं ते कुणालाही सुचेल इतपतच आहे. त्यापलीकडे आता तिच्यात काय उरलंय, मला माहीत नाही. आधी तरी कुठे माहीत होतं?

खातं बंद करायचं तर कर, पण वय झालं म्हणून करू नकोस, कारण तू वयाने हरली नाहीस. हवे तितके दिवस बोलू नकोस. आईला सांगायचं असेल तर सांग, माझ्याच्याने अजून झालेलं नाही. फक्त राग माझ्यावर काढ, खेळावर नको.

उत्तर आलं तरी, नाही आलं तरी,

तुझी
ताई