आमच्या घराची कॉलर

प्रिय ताई,

तुझ्या दोन्ही गुडघ्यांना, चांगल्या डोळ्याला आणि रुसलेल्या डोळ्याला धाकटीचा वेगवेगळा नमस्कार. गुडघे काय म्हणतात? डोळ्यात थेंब वेळेवर घालतेस ना? (नसशीलच घालत. लहानपणी मला औषध पाजून स्वतःचं खिडकीतून ओतून देणारी तू, ती आता काय सुधारणार!) इकडे आम्ही दोघं ठीक आहोत. ह्यांच्या कमरेत उसण भरली आहे ती शिडीमुळे, आणि माझा घसा बसला आहे तो ह्यांच्यामुळे. ते कसं, ते पुढे येईलच.

तुझं पत्र मिळालं. 'यंदा नाताळला येणार नाही, वाट पाहू नये,' एवढंच लिहून खाली आडनावासकट पूर्ण सही! ताई, मी काय पोस्टाचं खातं आहे का? कारण लिहिलं नाहीस, पण मला का ते कळत नाही? मागच्या वर्षी तू स्टॉपवरून एकटीच चालत आलीस आणि आमच्याऐवजी शेजारच्या दातांच्या डॉक्टरांच्या घरात शिरलीस. आमच्या गल्लीतली बाराही घरं एकाच ठेकेदाराने एकाच नकाशावरून बांधलेली. चष्मा लावणाऱ्यांचीही फसगत होते, त्यात तुझा काय दोष? तू खुर्चीत बसलीस, चहा मागवलास, साखर कमी म्हणून परत पाठवलास, पडद्यांचा रंग कोणी निवडला म्हणून नाक मुरडलंस आणि डॉक्टरांना आमचे हे समजून 'काय हो, पार वाळलात,' असं म्हणालीस. डॉक्टर इतके सभ्य, की त्यांनी अर्धा तास हो ला हो केलं. (त्यांनी पडदे बदलले बरं का. आता बरे दिसतात.) तेव्हापासून तू स्वतःला 'लोकांच्या घरात शिरणारी म्हातारी' म्हणतेस. गल्लीत कोणीही हसलं नाही. म्हणजे हसले, पण प्रेमाने, आणि फक्त दोन महिने.

आपण दोघी एका ताटलीतून केक खात नाही तो नाताळ मला नाताळ वाटत नाही, हे तुला ठाऊक आहे. म्हणून मी ठरवलं, की यंदा घर असं सजवायचं की तुझ्या रुसलेल्या डोळ्यालासुद्धा स्टॉपवरून ओळखू आलं पाहिजे. बाजारात रंग बदलणाऱ्या एलईडी दिव्यांची पट्टी मिळते. गुंडाळीवर असते, पाठीला गोंद, आणि सोबत रिमोट. मी पाच गुंडाळ्या आणल्या आणि तिथेच चूक केली, म्हणजे त्या ह्यांच्या हातात दिल्या.

तू जाणतेसच, ह्यांनी चाळीस वर्षं शिंपीकाम केलं. हातात लांबलचक पट्टी आली की ह्यांना लेसच दिसणार. गळ्यात टेप अडकवून हे शिडीवर चढले, घराची मापं घेतली, मला खालून वहीत लिहून घ्यायला लावली. (दाराच्या चौकटीच्या मापासमोर 'छाती' असं लिहायला लावलं. मी लिहिलं. संसारात कुठे कुठे वाद घालायचा?) मग जेवणाच्या टेबलावर गुंडाळ्या उलगडून कात्री चालवली. त्या पट्टीवर दर तीन दिव्यांनंतर कात्रीची खूण छापलेली असते, तिथेच कापायचं असतं. ते सूचनापत्रकात लिहिलेलंही होतं. मी ते पहिल्या ओळीपासून मोठ्याने वाचत होते, कारण सूचना पुऱ्या वाचल्याशिवाय पेन्सिलला हात लावायचा नाही ही शाळेतल्या सिस्टरांची शिस्त माझ्या अंगात अजून आहे. पण मी कात्रीच्या कलमापर्यंत पोचेपर्यंत ह्यांनी पाचही गुंडाळ्या कापून ठेवल्या होत्या, आणि प्रत्येक तुकडा खुणेपासून दोन बोटं पुढे. शिलाईला माया सोडली होती!

वायरमन आला. त्याने तुकडे पाहिले आणि मटकन खालीच बसला. "काका, खूण दिली होती ना? मग खुणेवर का नाही कापलं?" ह्यांनी चष्मा वर केला. "बाबा रे, मी खुणेवर कापत आलो असतो ना, तर हे अख्खं गाव आज उसवलेल्या पँटी घालून फिरलं असतं." वायरमनने स्वतःच्या पँटकडे पाहिलं (ह्यांनीच शिवलेली) आणि मुकाट तुकडे गोळा करायला लागला.

पुन्हा पाच गुंडाळ्या आणल्या. या वेळी कात्री मी धरली. पण गोंद भिंतीला चिकटेना. सकाळी लावलेली पट्टी दुपारी गुलाबाच्या कुंडीत. तेव्हा ह्यांनी जाड कापडाच्या पट्ट्या काढल्या, त्यांवर दिवे टाचले आणि खिळ्यांनी ते कापड घरावर चढवलं. चार दिवस मशीन चालू होतं. मला वाटलं खिडक्यांभोवती साध्या चौकटी होतील. पाचव्या दिवशी संध्याकाळी दिवे लावले आणि मी फाटकातून मागे वळून पाहिलं, तर ताई, ह्यांनी घराला शर्ट शिवला होता! छपराच्या दोन्ही उतरणींना कॉलर, मधून दारापर्यंत उतरलेली बटणपट्टी, बटणांच्या जागी गोल गोल दिवे, आणि डावीकडच्या खिडकीला खिसा. खिशाला झाकणसुद्धा! पोस्टमन सायकलवरून उतरला, बराच वेळ मान वाकडी करून पाहत राहिला आणि म्हणाला, "कॉलर मस्त बसलीय हं." ह्यांची छाती इतकी फुगली, की मी वहीतला दाराचा आकडा पुन्हा तपासून पाहिला.

आधी मी कपाळावर हात मारला. मग वाटलं, का नको? शर्ट घातलेलं घर साऱ्या जगात दुसरं नसेल. ताई कुठूनही ओळखेल. दोन-चार दिवसांत तुला पत्र लिहायला बसणार होते. पण त्या आधी एक दिवस मी केकचं सामान आणायला बाहेर पडले.

परत आले तर दातांच्या डॉक्टरांच्या घराला कॉलर!

डॉक्टर म्हणे सहज येऊन म्हणाले, "आम्हालाही एक शिवून द्याल का?" मापं तीच, कापडाचे कागदी नमुने कापून तयारच, आणि डॉक्टर तर चाळीस वर्षांचं गिऱ्हाईक. मी म्हटलं, "अहो, हा सगळा खटाटोप कशासाठी चालला होता? ताईला दोन घरांतला फरक कळावा म्हणून ना?" तर हे शांतपणे म्हणाले, "दारी आलेल्या माणसाला मी कधी परत पाठवलंय का?" नाहीच पाठवलं. पुढच्या आठवड्यात समोरच्या गणिताच्या बाई आल्या, त्यांनाही नाही. मग कोपऱ्यावरचा बेकरीवाला, मग निवृत्त स्टेशनमास्तर. आज आमच्या गल्लीत बारा घरं बारा शर्ट घालून दोन रांगांत शाळेच्या प्रार्थनेसारखी उभी आहेत. गणवेशात! (गणिताच्या बाईंनी खिसा उजवीकडे मागितला होता. ह्यांनी साफ नकार दिला. तत्त्व म्हणजे तत्त्व.)

आता माझ्या हातात उरला फक्त रंग. मी ठरवलं, आपलं घर जांभळं. त्या संध्याकाळी रिमोटचं जांभळं बटण दाबलं, घर जांभळं झालं, आणि शेजारचंही झालं. समोरचंही. पाहते तर अख्खी गल्ली जांभळी! दुकानदार मला अभिमानाने म्हणाला होता, की हा रिमोट भिंतीपलीकडेही चालतो. किती भिंतींपलीकडे, ते मी विचारलं नव्हतं. आणि सगळ्यांनी पट्ट्या त्याच दुकानातून आणलेल्या. मग काय विचारतेस! डॉक्टरांना पांढराशुभ्र हवा (दुसरा कुठला हवा असणार?), स्टेशनमास्तरांना हिरवा सोडून काही पटेना, बेकरीवाल्याला भाजल्यासारखा बदामी. प्रत्येक जण आपापल्या ओसरीवर रिमोट रोखून उभा. त्यात गणिताच्या बाईंच्या हातून लुकलुकण्याचं बटण दाबलं गेलं आणि ते अडकलं. बारा शर्ट एकदम डोळे मिचकावू लागले. रस्त्यावरचा बसवाला गाडी थांबवून खाली उतरला आणि विचारू लागला, की इथे काही झालंय का. मी त्या गोंधळात 'जांभळा! जांभळा!' असं ओरडत होते, तेव्हा हा घसा बसला.

आणि मग मी पायरीवर बसून रडले. हसू नकोस. मला एकदम शाळेचा पहिला दिवस आठवला. सगळ्या वर्गांची दारं सारखीच निळी, सगळ्या मुलींच्या रिबिनी सारख्याच पांढऱ्या. मी चुकून तुझ्या वर्गात शिरले आणि तुझ्या बाकाजवळ उभी राहिले. साऱ्या मुली हसल्या. सिस्टरांनी विचारलं, ही कोण? तू हसलीही नाहीस, रागावलीही नाहीस. सरकून जागा दिलीस आणि म्हणालीस, "सिस्टर, ही बरोबर जागी आली आहे." दुपारपर्यंत मी तिथे बसले होते, तुझ्या डब्यातलं खात. चुकीच्या दारात शिरले याची मला त्यानंतर कधी लाज वाटली नाही. तुला मात्र वाटते.

असो. कमरेला शेक देते आहे (ह्यांच्या), गुळण्या करते आहे (माझ्या). न येण्याचं तू ठरवलंच असशील, तर मी आग्रह करणार नाही. तब्येतीला जप.

तुझी,
धाकटी

ता. क. आग्रह करते आहे. ये. खूण सांगते : मी आमचे दिवे मुळापासून काढून टाकणार आहे, त्यामुळे रिमोट कोणीही दाबो, ते लागणार नाहीत. बारांपैकी अकरा घरं झगमगत असतील. जे एक अंधारात असेल, ते आपलं. रुसलेल्या डोळ्यालाही एवढं कळेल.

दुसरा ता. क. ह्यांनी ही युक्ती डॉक्टरांना सांगितली. डॉक्टरांचे डोळे भरून आले. म्हणाले, "ताईंसाठी आम्हीही दिवे लावणार नाही." पाठोपाठ स्टेशनमास्तर, बेकरीवाला, गणिताच्या बाई, सगळेच. म्हणजे तू येशील तेव्हा गल्लीत मिट्ट काळोख असेल. पायरी सांभाळ.

तिसरा ता. क. (हे शेवटचं, पाकीट चिकटवायचं आहे.) आम्ही दोघांनी खूप विचार केला. काहीही केलं तरी तू डॉक्टरांच्याच घरात शिरणार, असं ह्यांचं म्हणणं. तेव्हा त्या संध्याकाळी आम्हीच डॉक्टरांच्या घरी जाऊन बसणार आहोत. केकही तिथेच, साखर वाढवलेला चहाही तिथेच, तुझी मागच्या वर्षीची खुर्चीसुद्धा. तेव्हा कृपा कर आणि नेहमीसारखी चूक. आणि समज, चुकून बरोबर घरी आलीसच, तर आत डॉक्टर सहकुटुंब बसलेले असतील. त्यांना मी सांगून ठेवलं आहे, की सरकून जागा द्या, ही बरोबर जागी आली आहे.