सोप्यावर भरलेले फॉर्म

राजारामपुरी, कोल्हापूर
२ फेब्रुवारी २०२५

आदरणीय आक्कामावशी हिस,
निशाचा सप्रेम जय भीम. वि. वि.

तुझं ऐकून शेवटी पत्रच लिहायला बसले. फोन केला की तू स्पीकरवर असतेस, शेजारी तुझा मुलगा सार्थक असतो, दारात कुणीतरी आलेलं असतं, आणि आपण दोघी हवापाण्याचं बोलून ठेवून देतो. प्रसेनजीत मला हसतो. लोक चंद्रावर निघालेत आणि मावशी-भाची पोस्टात तिकिटं चिकटवतायत, म्हणतो. चिकटवू दे की.

बातमी चांगली आहे. जूनमध्ये तुम्ही आशाताईंनी बायकांच्या आजारांचे जे फॉर्म भरून दिले होते, त्याचा तक्ता आमच्या संस्थेत तयार झाला. तुझ्या वाडीत एकशे बारा बायकांमध्ये तक्रार सांगणाऱ्या फक्त दोघी निघाल्या. सरांनी बैठकीत तुझं नाव घेतलं. मी लगेच सांगून टाकलं, ती माझी मावशी आहे म्हणून.

कबनूरला मात्र उलटं झालं. तिथे यंत्रमागाच्या कांड्या भरणाऱ्या बायकांना कामाच्या शेडमध्ये विचारलं होतं, तर निम्म्याहून जास्त बायकांनी काही ना काही दुखणं सांगितलं. म्हणून एक एप्रिलपासून तुमची गुरुवारची डॉक्टरीण तिकडे द्यायचं ठरतंय. तुझ्या वाडीला तेवढी गरज दिसत नाही. तुझाही दर आठवड्याचा सतरंजी अंथरायचा आणि पडदा बांधायचा ताप वाचेल.

आमची श्रुती तुझ्या हातच्या खर्ड्याची आठवण काढते आणि नुसत्या आठवणीनं पाणी पिते. माया आहे तशी ठेव, आणि उत्तराला सणावाराची वाट बघू नकोस.

तुझी,
निशा


वाडी, नेसरी
९ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. निशा हीस,
अ. उ. आ. व जय भीम.

तुझं पत्र अंगणवाडीत पोचलं. पोस्टातला पिराजी विचारत होता, कोर्टाची नोटीस हाय काय म्हणून. जावईबापूंना सांग, चंद्रावर गेलात की तिथनं एक पोस्टकार्ड टाका, म्हणजे कुणाचं लवकर पोचतं ते कळेल.

पोरी, डॉक्टरीण हलवू नका. कारण लिहिते, ते तुझ्याजवळच ठेव. गणपतरावांची बाळाबाई तुला आठवत असेल, तू लहान असताना ओंजळीत भुईमुगाच्या शेंगा घालायची ती. तिची पाळी जाऊन सहा वर्षं झाली आणि गेल्या उन्हाळ्यापासून पुन्हा रक्त जातंय. पांढरीफटक पडलीय. गुरुवारी येते, बीपीची गोळी घेते आणि पडद्यापर्यंत जाऊन माघारी फिरते. मी मागे लागलेय. आज ना उद्या आत जाईल.

बीपीच्या गोळीला घरचं कुणी अडवत नाही. गुरुवार बंद झाला तर तिला कोल्हापूरला जायला लागेल, त्याला नवऱ्याला विचारायला लागेल, आणि कुठं दुखतंय ते सांगायला लागेल. ती सांगणार नाही, मी तिला चाळीस वर्षं ओळखते.

तक्त्याचं काय ते तू बघ. शिकलेली आहेस, काहीतरी वाट काढशील. तब्येतीला जप, चहा कमी कर. मावशीवरचा जीव असाच राहू दे.

तुझी मावशी,
आक्काताई


कोल्हापूर
१५ फेब्रुवारी २०२५

आदरणीय मावशी हिस,
सप्रेम जय भीम. वि. वि.

तुझं पत्र वाचून मी सरळ कपाटातून जूनचा गठ्ठा काढला. बाळाबाईचा फॉर्म सापडला. पाळी गेल्यावर रक्त जातं का, या प्रश्नापुढे 'नाही'वर खूण आहे. तू लिहितेस की उन्हाळ्यापासून जातंय. उन्हाळा जूनच्या आधी येतो, मावशी.

मग मी सगळे फॉर्म पसरून बसले. त्या दोघी सोडल्या तर ओळीनं 'नाही', सगळीकडे तीच तिरकी खूण, तेच पेन. तू एकशे बारा बायकांना प्रत्येकी एकोणीस प्रश्न तीन दिवसांत विचारलेस असं तारखा सांगतात. मी हे तेव्हा पाहायला हवं होतं. प्रत्येक फॉर्मखाली 'तपासले' म्हणून माझी सही आहे, आणि तुझा गठ्ठा म्हणून मी न बघताच ती केली.

मला राग आलाय, तो लपवत नाही. प्रशिक्षणात मीच तुला शिकवलं होतं, बाईला एकटीला गाठून विचारायचं. तू विचारलंस तरी का? की घरी बसून भरलेस? या कागदांवरून डॉक्टर कुठे जाणार ते ठरतं. तुझ्याच खुणांनी तू तुझा गुरुवार घालवलायस. मला खरं काय ते लिही, आणि या वेळी चहाबिहाचं नको.

राग असला तरी तुझीच,
निशा


वाडी
२१ फेब्रुवारी २०२५

चि. निशा हीस,
आशीर्वाद.

एकटीला विचार असं तू शिकवलंस. कुठं विचारू, ते नाही शिकवलंस.

बारा वर्षं मी आशा आहे. वरच्या आळीतल्या लेकरांना डोस पाजले, बाळंतिणी गाडीत घालून नेल्या. तरी त्या घरांत मला बाहेरच्या सोप्यापर्यंतच बोलावतात. चहा मिळतो, बसायला खुर्चीही मिळते, आता कुणी वाईट बोलत नाही. पण आत ये म्हणत नाहीत, ते तुला नव्यानं सांगायला नको. सोप्यावर सासरा पेपर वाचत असतो, दीर मोबाईल बघत असतो, आणि त्यांच्यापुढं मी सुनेला विचारायचं, अंगावरून पांढरं जातं का. ती पदराशी चाळा करत म्हणते, न्हाय बा, कायबी न्हाय. बाळाबाईला विचारलं तेव्हा तर उत्तर गणपतरावांनीच दिलं, तिला काय धाड भरलीया म्हणून. मी खूण केली. चार घरं अशी झाल्यावर बाकीचे फॉर्म घरी बसून भरले.

पण हे अर्धंच झालं. आपल्या वस्तीतल्या बायकांना मी चुलीपुढं बसून विचारू शकत होते. त्यांनाही विचारलं नाही, आणि त्याचं कारण केरबाची सून क्रांती आहे.

चार वर्षांमागं तालुक्याला एका खाजगी दवाखान्याचं तपासणी शिबिर होतं. नाव लिहीत नाही. पांढरं जातंय, कंबर दुखते म्हणणाऱ्या अकरा बायका मी घरोघर जाऊन गोळा केल्या आणि जीपमध्ये बसवून नेल्या. सात जणींची पिशवी काढून परत पाठवली. कॅन्सर होईल अशी भीती घातली होती. क्रांती तेव्हा एकोणतीस वर्षांची होती. पोरगी बारावी झालेली, आणि कागदावर तिचा अंगठा घेतलेला. आता भर थंडीत तिला घाम फुटतो, भरलेली घागर उचलत नाही, पायरी चढताना गुडघा धरते. ती मला अजून ताईच म्हणते. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

तेव्हाच ठरवलं, माझ्या हातानं कुठल्याही बाईचं 'होय' कागदावर चढणार नाही. तक्त्यातल्या त्या दोघींनी आपणहून येऊन लिहायला लावलं, तेवढंच. 'होय' म्हटलं की नेतात. 'नाही' म्हटलं की डॉक्टरच काढून नेतात, हे मला तुझ्या पत्रानं कळलं.

आता तू मला सांग. 'होय' म्हणणाऱ्या बाईला कुणी कापायला नेणार नाही, असं लिहून देणारं तुमच्यात कुणी आहे का? असेल तर पुन्हा दारोदार फिरते.

मावशीला पदरात घे.

आक्काताई


कोल्हापूर
२८ फेब्रुवारी २०२५

प्रिय मावशी,
सप्रेम जय भीम. वि. वि.

तुझं पत्र तीनदा वाचलं. सोप्याचं मला ठाऊक नव्हतं असं म्हणायला तोंड नाही. मीही त्याच वस्तीत वाढले. शेंगा ओंजळीत पडायच्या, त्या सोप्याच्या पायरीखाली उभं राहून. तरी वर्गात फळ्यावर 'एकांतात विचारा' लिहिताना मला त्याची आठवणसुद्धा झाली नाही. शहरात येऊन माणूस एवढं विसरतं, याची मला लाज वाटली.

सरांना सगळं सांगितलं. तुझ्यावर ठपका ठेवला नाही, गठ्ठा खोटा आहे आणि चूक तपासणीची, एवढंच म्हटलं. त्यांनी विचारलं, तपासणाऱ्याची सही कुणाची. माझी, म्हटलं. माझा करार मार्चअखेर संपतो, तो पुढे वाढेल असं आता वाटत नाही. घरी प्रसेनजीतला सांगितलंय. या वेळी तो हसला नाही.

गुरुवारचा निर्णय वीस मार्चच्या बैठकीत होईल. त्याआधी नवे फॉर्म आले तर सर ते मांडतील, पुढचा शब्द त्यांनी दिलेला नाही.

तू मागितलेला कागद सोबत आहे. बाईचं नाव कुठेही जाणार नाही, फक्त क्रमांक जाईल. तिला गाडीत घालून कुठे नेणार नाहीत, डॉक्टरीण वाडीतच तपासेल. पुढं पाठवायची वेळ आली तर बाई स्वतः ठरवेल. ऑपरेशन सुचवलं तर दुसऱ्या डॉक्टरचं मत घेतल्याशिवाय आणि तिनं स्वतः वाचून, समजून होकार दिल्याशिवाय होणार नाही. खाली सरांची, डॉक्टरीणबाईंची आणि माझी सही आहे. खाजगी दवाखान्यांबद्दल मी लिहून देऊ शकत नाही, तेवढी माझी पोच नाही. हे बायकांना स्पष्ट सांग.

आणि बाळाबाईला येत्या गुरुवारी हाताला धरून पडद्याआड ने.

रागावले होते ते मनात धरू नकोस.

निशा


वाडी
१७ मार्च २०२५

चि. सौ. निशा हीस,
अ. उ. आ. व जय भीम.

गठ्ठा सार्थकच्या हाती पाठवतेय. त्याला सांगितलंय, एस.टी.त पिशवी मांडीवर ठेव.

कागद घेऊन आधी क्रांतीकडे गेले. तिनं शेवटपर्यंत वाचला आणि म्हणाली, ताई, हा बायकांना म्या वाचून दाखवती. मग आम्ही दोघी फिरलो. पहिलं घर बाळाबाईचं. गणपतराव सोप्यावर होतेच. क्रांतीनं कागद वाचायला घेतला तशी बाळाबाई उठली आणि म्हणाली, चला गं आत. बारा वर्षांत पहिल्यांदा त्या घरातलं मडकं-शेगडी बघितली. तिनं दार लावून घेतलं. गणपतरावांनी बाहेरनं विचारलं, काय चाललंय. तर म्हणाली, बायकांचं हाय, तुमी पेपर वाचा.

ते बघून आणखी घरं उघडली. सगळी नाही. एकशे बारांपैकी एकसष्ट जणींनी 'होय' सांगितलं, बत्तीस जणींनी 'नाही'. एकोणीस जणींना अजून सोप्यावरच विचारायला लागलं. त्यांचे फॉर्म कोरे ठेवलेत आणि वर लिहिलंय, माणसांसमोर विचारले. तक्त्यात त्यांना 'नाही'त घालू नका म्हणावं.

आता वाईट ते लिहिते. बाळाबाई गुरुवारी पडद्याआड गेली. डॉक्टरीणबाईंनी कोल्हापूरला जायला सांगितलं, ती स्वतःहून तयार झाली. मी सोबत गेले. तुझ्याकडे आले नाही, तुला तोंड दाखवायचं बळ नव्हतं. तुकडा काढून तपासला, कॅन्सर निघाला. तिथल्या डॉक्टरबाई म्हणाल्या, आठ-नऊ महिने आधी आली असती तर एवढा पसरला नसता. मी मनात जून मोजला.

परतीच्या गाडीत बाळाबाई माझा हात धरून म्हणाली, तू तरी काय करणार आक्का, तू इचारलंस तवा मीच न्हाय म्हटलं की. पण ती म्हणाली नव्हती. गणपतराव म्हणाले होते, आणि मी लिहून घेतलं होतं. मला तिला ते सांगता आलं नाही. तुला सांगतेय.

सरांना माझं नाव दे. सही तुझी असली तरी हात माझा होता. तुझी नोकरी राहिली तर पुढच्या प्रशिक्षणात फळ्यावर सोपा काढून दाखव.

श्रुतीला खर्डा पाठवलाय, पाण्याची घागर शेजारी ठेवा. तुझ्या मायेची गरज आता मला आहे.

तुझी मावशी,
आक्काताई

ता. क. गठ्ठ्यात सगळ्यात वर क्रमांक एकचा फॉर्म आहे. नाव मुद्दाम लिहिलंय: आक्काताई, वय बावन्न. पिशवी खाली उतरून अंग बाहेर येतं, सहा वर्षं झाली. मागच्या खेपेला त्यावरही 'नाही'च होतं. तो भरताना सोप्यावर कुणी बसलेलं नव्हतं. घरात मी एकटीच होते.