टिटवीची अंडी आणि माझी स्कूटर

अंबड, नाशिक

ती. आईस,
साष्टांग नमस्कार.

मी वेळेवर जेवते.

कारखान्यासमोर ट्रक उभे राहतात, त्या मोकळ्या जागेत टिटवीने चार अंडी घातली आहेत. आमच्या पक्षिमंडळाने भोवती दगड रचले. पुढे मी स्कूटर आडवी लावली.

साहेब म्हणाले, "गाडी काढा, मॅडम. टिटवीनं पाय वर केले म्हणून आभाळ पेललं जात नाही."

मी म्हटले, "आभाळ राहू द्या, सर. ट्रक अडला तरी पुरे."

सगळे हसले, साहेब सोडून. मला कायम करायचे की नाही, ते तेच ठरवणार आहेत.

टिटवी ओरडली की तू अपशकुन म्हणतेस. ती अंडी सोडून जात नाही, म्हणून ओरडते.

बाबांचा गुडघा कसा आहे?

पिल्ले निघेपर्यंत स्कूटर तिथेच राहील. मी बसने जाते.

तुझी,
कल्याणी