कुडपणच्या काट्याचा स्वर

१३ जानेवारी १९५८, महाड
ग्रामोफोनला लोखंडी पिन आजपासून बंद. यापुढे फक्त करवंदीचा काटा. तबकडी झिजत नाही, आवाजही मऊ येतो. त्यातही कुडपणच्या डोंगरातला काटा गोड. आंबेनळी घाटातला जरा नाकात बोलतो. हा फरक महाडात फक्त मला कळतो. कचेरीत सांगितला. कुणी वर पाहिलं नाही. कामाचा ताण.

१५ जानेवारी
शेजारचे येसाजी मास्तर म्हणाले, हा भास आहे. डोळे बांधून पाच वेळा ओळखून दाखवा. चुकलात तर ग्रामोफोन वर्षभर वाचनालयाला. लगेच हो म्हटलं. सौ. म्हणाली, अहो, विचार करा. केला. तोपर्यंत हो म्हणून झालं होतं.

१८ जानेवारी
सराव सुरू. कानांत कोमट तेल. आंबट वर्ज्य.
संध्या. ६ : आमटीत कोकम होतं. ते धरलेलं नाही.

२६ जानेवारी, सुट्टी
परीक्षा. डोळ्यांवर मास्तरांचं उपरणं. काटे बदलायला सौ.; तिला माझं काहीच पटत नाही, म्हणजे निःपक्षपाती. मी सांगितलं : कुडपण, आंबेनळी, कुडपण, कुडपण, आंबेनळी. तिसऱ्या वेळी तर काटा कुडपणच्या पश्चिम अंगाचा, हेही सांगितलं. मग सौ. म्हणाली, "पाचही वेळा आंबेनळीचाच होता. तो स्क्रू फिरवून बोट सोलतं माझं. एकदाच बसवला."
मास्तर हसले नाहीत. तेच जास्त लागलं.

२७ जानेवारी
ही परीक्षाच नव्हे. उपरण्याने कान दाबले गेले होते. शिवाय तो काटा आंबेनळीचा असला तरी वळणाने कुडपणचाच असणार. पुन्हा घ्या म्हटलं. मास्तर म्हणाले, आधी ग्रामोफोन.

२ फेब्रुवारी
वाचनालयाचा शिपाई गोमाजी ग्रामोफोन डोक्यावर घेऊन गेला. सोबत निवडक चाळीस काटे दिले. कसे लावायचे ते दोनदा समजावलं. घर फार शांत वाटतं. सौ. दिवसभर गुणगुणत होती.

९ फेब्रुवारी
वाचनालयात गेलो. बाकावर डोळे मिटून बसलो. आतल्या खोलीत भजन चालू होतं. काय तो गोडवा. डोळ्यांत पाणी आलं. गोमाजीला म्हटलं, कुडपणचाच काटा ना? तो म्हणाला, "तुमचा फोनो कपाटात हाय, सायेब. अजून कुनी उघडला नाय. ह्यो रेडिओ."
भजन संपेपर्यंत बसलो. घरी येऊन सौ.ला सांगितलं, वाचनालय बंद होतं.